मी उचलीत असे

आपल्या समीक्षेच्या भाषेत वजनाला मोठा मान आहे. एखादे पुस्तक वजनदार असते, एखाद्या लेखकाला आशय पेलत नाही, एखादी कादंबरी तपशिलांच्या ओझ्याखाली दबते, कुणी कवी परंपरेचा भार वाहतो. ही सगळी भाषा मूळची हमालीची आहे. ती वापरताना आपल्यापैकी कुणाच्या मनात हमाल येत नाही, यात विशेष काही नाही. रूपके भाषेत अशीच मुरतात. माझी अडचण एवढीच, की मला पुस्तकाचे वजन किलोमध्ये माहीत आहे. २३ गुणिले ३६ इंची, ७० ग्रॅमच्या कागदाचे ५०० तावांचे रीम साधारण १८.७ किलो भरते. डेमी आकाराच्या २४० पानी पुस्तकाला असे साडेसात ताव लागतात. मुखपृष्ठ आणि बांधणी धरून प्रत सुमारे ३०० ग्रॅमची होते; आणि हजार प्रतींची आवृत्ती, जी आपल्या ललित पुस्तकांची एके काळची नेहमीची आवृत्ती होती, ती सुमारे ३०० किलोंची. छापखाना, बाइंडर, प्रकाशक, वितरक, दुकानदार असा प्रवास करताना हे ३०० किलो किती वेळा उचलले आणि ठेवले जातात, याचा हिशेब वाङ्मयाच्या इतिहासात येत नाही. यावाही कशासाठी, असे कुणी विचारले तर माझ्याकडे तयार उत्तर नाही. तो मला ठाऊक आहे, म्हणून मी लिहितो आहे.

१९९८ ते २००४ ही सहा वर्षे मी पुण्यात एका पुस्तक-वितरकाच्या गोदामात कामाला होतो. (नाव सांगण्याचे कारण नाही, तशी गोदामे तेव्हा शहरात बरीच होती आणि कामाची रीत थोड्याफार फरकाने सगळीकडे एकच होती.) नेमणूक कारकून म्हणून. बिल्ट्या लिहायच्या, आलेल्या-गेलेल्या डागांची नोंद ठेवायची. ट्रान्सपोर्टच्या भाषेत डाग म्हणजे मालाचा एक बांधलेला नग. कपड्यावरच्या किंवा चारित्र्यावरच्या डागाशी त्याचा संबंध नाही. हंगामात मात्र पेन खिशाला लावून सगळ्यांनीच उचलायचे, असा अलिखित नियम होता. हंगाम म्हणजे एप्रिलचा मध्य ते जूनअखेर. या काळात कथा-कवितांचे गठ्ठे कोपऱ्यात धूळ खात पडत आणि गाइडे, व्यवसायमाला, शब्दकोश, वह्या यांचा पूर येई. एक डाग साधारण २५ किलोंचा. खाली ऑफिस, वर दोन मजले गोदाम, मध्ये लाकडी जिना. लिफ्ट नव्हती. गाडीतून उतरवणे, वर नेऊन थप्पी लावणे आणि मागणी आली की खाली आणणे, म्हणजे प्रत्येक डाग निदान तीनदा उचलला जाई. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकेका माणसाच्या वाट्याला दिवसाला चाळीसेक डाग येत. तिनाने गुणले तर १२० वेळा २५ किलो, म्हणजे दिवसाला ३ टन. हा गुणाकार मी त्या वेळी केला नव्हता. तो करण्याची वेळ पुढे आली.

पुस्तकांच्या गठ्ठ्याला धरायला काही नसते. धान्याच्या पोत्याला निदान कान असतात, ते अंगावर ओघळते, खांद्याच्या आकाराला येते. पुस्तकांचा गठ्ठा म्हणजे ठोकळा. सुतळीत बोटे घालून उचलला तर सुतळी पेरात रुतते, खालून हात घालून उचलला तर कोपरा पोटात घुसतो. गोदामातले सर्वांत जुने कामगार, ज्यांना आम्ही मामा म्हणत असू, मूळचे पाटण तालुक्यातले. गोदामात येण्यापूर्वी त्यांनी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात बारा वर्षे पोती उचलली होती, आणि पुस्तकांपेक्षा गहू बरा, हे त्यांचे ठाम मत होते. ते वारकरी होते. विठ्ठलाबद्दल त्यांची एक उपपत्ती होती, जी मी नंतर कोणत्याही ग्रंथात वाचली नाही: विटेवर इतकी युगे उभा राहून देवाची कंबर धरली आहे, म्हणून त्याने हात तिथे ठेवले आहेत. "आमचं बी तसंच हाय, फकस्त आमाला कुणी हार घालत न्हाय," असे म्हणून ते पुढचा डाग घेत.

मामांनीच मला उचलायला शिकवले. "कमरंत वाकू नगं. गुडघ्यात बस, डाग पोटाला घे, मग ऊठ. लांब धरलास की त्यो जड हुतो." या वाक्यातले शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. उचलण्याच्या कामाचा धोका मोजण्यासाठी अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संशोधन संस्थेने १९८१ साली एक सूत्र मांडले आणि १९९१मध्ये ते सुधारले. सर्व काही आदर्श असेल, म्हणजे वस्तू कमरेच्या सुमारास, अंगाशी, धरायला सोयीची आणि क्वचितच उचलायची असेल, तर हे सूत्र २३ किलोंपासून सुरू होते. पुढे प्रत्येक गैरसोय त्यातून काही वजा करते. वस्तू घोट्यांपासून २५ सेंटिमीटरऐवजी ५० सेंटिमीटर लांब असेल तर २३चे थेट निम्मे होतात. ती जमिनीवरून उचलायची असेल तर जे उरले त्याचे आणखी पाऊण पट. म्हणजे जमिनीवरचा, हातभर लांबचा गठ्ठा उचलायचा असेल तर या सूत्राने ठरणारी मर्यादा ९ किलोंच्या आत येते, आणि त्यात वळणे व दिवसभर तेच करत राहणे अजून धरलेले नाही. आमचा डाग २५ किलोंचा होता.

मामांना सूत्र माहीत नव्हते, त्यातले तत्त्व माहीत होते. तरीही त्यांची कंबर गेली. थप्पीच्या मागच्या रांगेतला डाग पोटाला धरता येत नाही. त्यासाठी पुढच्या रांगेवरून ओणवे व्हावे लागते. अरुंद जिन्यात गुडघ्यात बसता येत नाही. गाडीवाला खाली हॉर्न वाजवत असतो, तेव्हा नीट उचलण्यात जाणारे तीन-चार सेकंद १२० वेळा कुणी देत नाही. नुसते उचलण्याचे प्रशिक्षण देऊन पाठदुखी टळते असा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष २०११च्या एका कॉक्रेन आढाव्यात निघाला, तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही. 'नीट उचला' हा उपदेश माणसाला करता येतो, जिन्याला करता येत नाही.

आता भाषेकडे वळतो, कारण या वाचकांपुढे मला मुख्यतः त्याबद्दलच बोलायचे आहे.

कमरेच्या दुखण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. उसण भरते, चमक निघते, लचक येते, कंबर धरते, पाठीला रग लागते. अलीकडच्या काळात मणक्यात गॅप पडतो आणि नस दबते; हे दोन प्रयोग डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर येऊन आता अस्सल मराठी झाले आहेत. यांतला उसण हा शब्द मला फार नेमका वाटतो. उसण अचानक भरते. कळशी उचलताना, शिंकताना, कधी नुसती चप्पल घालताना. माणूस जिथल्या तिथे वाकडा होऊन थांबतो. तिच्यावर उपायही तितकाच नाट्यपूर्ण आहे. पायाळू माणसाने, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याने, कमरेवर लाथ मारली की उसण उतरते, अशी समजूत आहे. आमच्या गोदामाजवळच्या चहावाल्याचा भाचा पायाळू होता आणि मेअखेरीस त्याला बरीच मागणी असे. उसण भरते, चार दिवसांनी जाते, तिची गोष्ट सांगता येते. तिला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो. अॅरिस्टॉटलची हरकत नसावी.

मामांना जे झाले ते उसण नव्हते, आणि त्याला शब्द नव्हता.

पाठीच्या दोन मणक्यांमध्ये जी चकती असते, तिच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गर असतो आणि भोवती तंतूंची एकावर एक कडी असतात. ओझे घेऊन वाकले की मणके पुढच्या बाजूने चकतीला चेपतात आणि गर मागच्या कड्यांवर रेटला जातो. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या चकत्यांमध्ये सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला होता. निजलेल्या माणसाच्या चकतीवर तो कमी भरतो आणि हातात वजन घेऊन पुढे वाकल्यावर कैक पटींनी वाढतो. पण मला या सगळ्यातली सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट दाबाची नाही. प्रौढ माणसाच्या निरोगी चकतीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. ते असतात फक्त बाहेरच्या कड्यांत. म्हणजे आतली कडी एकामागून एक चिरत जातात, तेव्हा माणसाला काही कळण्याची सोय शरीराने ठेवलेलीच नाही. त्यातून रक्तपुरवठा नसल्यामुळे जे चिरते ते भरूनही नीट येत नाही. चीर बाहेरच्या कड्यांपर्यंत आली, किंवा गर बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या नसेला टेकला, की मग कळते. त्या दिवसापूर्वीची सगळी वर्षे शरीराने त्या माणसाला काहीही न सांगता काढलेली असतात.

२००३च्या पावसाळ्यात मामांच्या डाव्या पायातली चप्पल चालता चालता निसटू लागली आणि ती कुठे निसटली हे त्यांना कळेना. कमरेपेक्षा पोटरी दुखत होती. पुढे एम.आर.आय. झाला, चौथ्या आणि पाचव्या कटिमणक्यांमधली चकती सरकली असल्याचे निघाले, शस्त्रक्रिया झाली. दुखणे बरेच कमी झाले. पावलातली बधिरता राहिली. यापुढे वजन उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले. गोदामात वजन न उचलण्याचे काम एकच होते, आणि ते माझ्याकडे होते. मामांना घरी बसावे लागले.

भुसार बाजारात असते तर मामांच्या पाठीशी काहीतरी असते. १९६९च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात ओझे वाहणाऱ्यांसाठी मंडळे स्थापण्याची सोय केली. मजुरी मंडळामार्फत, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या (२०२५च्या डिसेंबरात ते गेले) नेतृत्वाखालच्या हमाल पंचायतीने हमालाला निदान माणूस म्हणून मोजायला बाजाराला भाग पाडले, आणि पोते ५० किलोंपेक्षा जड नसावे ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची प्रौढ पुरुषासाठीची १९६७ची शिफारस ५५ किलोंची होती, तर आपल्या बाजारांत १०० किलोंचे पोते सर्रास पाठीवर घेतले जाई. पण मधल्या काळात घरच्या आजारपणामुळे मामांची टोळीतली जागा गेली होती, आणि आमच्या गोदामात ते महिन्याच्या पगारावर होते. तेव्हा मार्ग एकच उरला, १९२३च्या भरपाई कायद्याचा. ओळखीच्या एका कार्यकर्त्याने वकील गाठून दिला. कागदपत्रे वाचायला कुणीतरी हवे म्हणून मी सोबत गेलो.

अर्जातला महत्त्वाचा रकाना होता: 'अपघाताचा दिनांक व वेळ'.

त्या कायद्याची रचना अशी, की भरपाई दोन वाटांनी मिळे. कामावर असताना, कामामुळे, अपघाताने शरीराला इजा झाली ही एक वाट. आणि कायद्याला जोडलेल्या यादीतला व्यवसायजन्य रोग झाला, ही दुसरी. यादीत शिसे होते, पारा होता, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस होता. उचलून उचलून गेलेली कंबर त्या यादीत नव्हती. (२०२५च्या नोव्हेंबरात त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, अपघात अथवा यादीतला रोग, ही चौकट तिच्यातही कायम आहे.) त्यामुळे मामांना अपघात होणे आवश्यक होते.

वकील सज्जन होते. त्यांनी समजावून विचारले, की कधी पडलात का, पाय घसरला का, एखादा डाग अंगावर आला का, उचलताना कट् असा आवाज आला का. मामा प्रत्येक प्रश्नाला मान हलवत राहिले. मग वकिलांनी आवक-जावक वहीकडे बोट दाखवले. वही माझ्याच अक्षरातली. तीत ज्या दिवशी दोन गाड्या आल्या असा एखादा दिवस काढा, त्या दिवशी जड डाग उचलताना कमरेत कळ आली असे लिहू. यात खोटे काही नाही, त्याच दिवसांमुळे तर हे झाले आहे. मी वही उघडली. असे दिवस पुष्कळ होते. मी ९ जून वाचला. मामांनी थोडा वेळ विचार केला, खरोखरच आठवून पाहिल्यासारखा, आणि म्हणाले, "न्हाय साहेब. त्या दिशी काय झालं न्हाय. त्या दिशी मी रोजच्यावानी उचाललं, बास."

या वाक्यातली अडचण मला ताबडतोब कळली, कारण तेव्हा मी बाहेरून एम.ए. करत होतो आणि व्याकरणाचा पेपर तोंडावर होता. अर्जाला साधा भूतकाळ हवा होता: मी उचलले, कमरेत कळ आली. मामांचे सत्य रीतिभूतकाळातले होते: मी उचलीत असे. शाळेत हा काळ आपण दोन गुणांसाठी शिकतो आणि आजोबांच्या आठवणी सोडल्या तर फारसा वापरत नाही. पण एखादी क्रिया भूतकाळात पुन्हा पुन्हा, सवयीने, नेमाने घडत होती आणि तिच्या कोणत्याही एका घडण्याला वेगळे महत्त्व नव्हते, हे सांगण्यासाठी मराठीने स्वतंत्र रूप राखून ठेवले आहे. कायद्याच्या त्या रकान्यात ते रूप बसत नव्हते. कारण 'उचलीत असे' या क्रियापदाला दिनांक लावता येत नाही, मग वेळ तर दूरच.

मी वकिलांना एक तक्ता करून दिला. पाच हंगामांच्या नोंदी, रोजचे डाग, सरासरी वजन, कामावरची माणसे. वर जो ३ टनांचा गुणाकार आला तो तिथला. वहीत प्रत्येक डागाचे वजन होते, कुठून आला आणि कुठे गेला ते होते, भाडे कुणी भरले ते होते. तो कुणी उचलला हे कुठेच नव्हते. मालकाच्या बाजूने नेमके हेच दाखवून देण्यात आले. आणखी एक मुद्दा मांडण्यात आला, की पन्नाशीनंतर चकत्या झिजतातच, न उचलणाऱ्यांच्याही झिजतात.

हा मुद्दा मला तेव्हा निव्वळ कांगावा वाटला. पुढे वाचले तेव्हा दिसले, की तो तसा नव्हता. १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ९८ जणांचे एम.आर.आय. काढले, तर निम्म्याहून अधिक जणांच्या निदान एका तरी चकतीला फुगवटा निघाला. जुळ्या भावांच्या अभ्यासांतून चकतीची झीज बऱ्याच अंशी अनुवंशिक असल्याचेही पुढे आले. तेव्हा एका विशिष्ट माणसाच्या एका विशिष्ट चकतीकडे बोट दाखवून 'ही हमालीने गेली' असे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. डॉक्टरही नाही. हजार हमालांबद्दल जे खात्रीने बोलता येते ते एका हमालाबद्दल बोलता येत नाही, आणि अर्ज मात्र एकेकट्याचा असतो.

तरीही हे अशक्य नाही. जर्मनीने १९९३ साली आपल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत २१०८ या क्रमांकाचा एक रोग घातला: अनेक वर्षे जड ओझी उचलल्याने किंवा वाहिल्याने, अथवा अनेक वर्षे कमरेत अतिशय वाकून काम केल्याने होणारा कटिमणक्यांच्या चकतीचा विकार. तिथेही तो सिद्ध करणे सोपे नाही. किती वर्षे, किती किलो, दिवसातून किती वेळा, यांचे रकाने भरावे लागतात. परंतु 'अनेक वर्षे' हे शब्द कायद्याच्या वाक्यात आले आहेत. एखाद्या भाषेच्या कायद्यात रीतिभूतकाळ शिरल्याचे मला माहीत असलेले हे एकमेव उदाहरण. जाणकारांना अधिक माहीत असतील.

आता आपल्या घरात डोकावू. कायद्याला अपघात हवा असतो म्हणून आपण त्याला नावे ठेवतो. पण कथेला तरी दुसरे काय हवे असते? कामगाराचे मराठीतले चित्रण आठवून पाहिले तर गिरणीच्या पट्ट्यात हात सापडतो, बॉयलर फुटतो, गोळीबार होतो, संप मोडतो. माणूस एका क्षणी पडतो आणि त्या क्षणाभोवती गोष्ट उभी राहते. रोज थोडे थोडे झिजण्याची गोष्ट कशी सांगायची, हा प्रश्न लेखकाच्या सहानुभूतीचा नसून कथनाचा आहे. आणि कणा हा शब्द तर आपण केव्हाच स्वाभिमानाच्या खात्यावर जमा केला आहे. कुसुमाग्रजांची त्या शीर्षकाची कविता मी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने ऐकतो, तिच्याबद्दल मला आदर आहे. परंतु ताठ कणा म्हणजे ताठ माणूस हे समीकरण इतके रुळले आहे, की ज्याचा कणा खरोखरच वाकला आहे त्याला आपल्या भाषेत उभे राहायला जागा अडचणीची होते.

सिसिफसचेही तेच. कामूने १९४२मध्ये त्याला आपल्या शतकाचा नायक केला आणि त्यावर आपल्याकडे किती पेपर वाचले गेले त्याची गणती नाही. गोदामातल्या माणसाच्या नजरेने पाहिले तर सिसिफस दगड ढकलतो, उचलत नाही. आणि ढकलणे हे उचलण्यापेक्षा कमरेला बरे, हे कुठलाही हमाल सांगेल. शिवाय त्याला देवांनी अमर ठेवले आहे. त्याची चकती सरकणार नाही, याची कामूला खात्री होती.

आपल्या परंपरेतला खरा ओझेवाला म्हणजे विक्रम राजा. कथासरित्सागरातला म्हणा की चांदोबातला. झाडावर चढायचे, प्रेत उतरवायचे, खांद्यावर टाकायचे, चालायचे. ते निसटले की परत फिरायचे आणि पुन्हा तेच. पंचवीस गोष्टी होतात त्या या उचलण्याच्या जिवावर. प्रेताचे वजन किती, राजाचा खांदा दुखला का, हे कुणी विचारीत नाही; सगळ्यांचे लक्ष वेताळाच्या प्रश्नाकडे. आणि वेताळाची अट तर प्रसिद्धच आहे: उत्तर माहीत असून दिले नाहीस तर डोक्याची शकले होतील, आणि दिलेस तर प्रेत परत झाडावर. वकिलांच्या टेबलासमोर बसलेल्या मामांना जेव्हा दिनांक विचारला गेला, तेव्हा त्यांनी खरे उत्तर दिले. पुढचे वेगळे सांगायला नको.

प्रकरण तडजोडीत मिटले. मालकाने काही रक्कम दिली. ती अगदीच नगण्य नव्हती, हेही सांगितले पाहिजे. कागदावर 'भरपाई' हा शब्द नव्हता, 'मदत' हा होता. मसुदा मीच वाचून दाखवला. मामांनी शब्दाबद्दल काही विचारले नाही. रक्कम एकदम मिळणार की हप्त्याने, एवढे विचारले. पुढच्या हंगामात त्यांच्या जागी त्यांचाच पुतण्या आला, आणि जूनपर्यंत मीही शिक्षकाची नोकरी लागून बाहेर पडलो.

माझ्या स्वतःच्या पाठीविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. सहा हंगामांची देणगी म्हणून पाऊण तासाहून अधिक बसवत नाही. चर्चासत्रांत मी मागच्या भिंतीला टेकून उभा असतो, ते लोकांना नम्रतेचे लक्षण वाटते. विद्यार्थी पुस्तकांचे खोके वर्गात आणतात तेव्हा मी त्यांना ते पोटाशी धरायला सांगतो. श्रमजन्य रोगांचे पहिले मोठे पुस्तक लिहिणारा इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामात्झिनी याने १७०० साली ओझेवाल्यांवर एक प्रकरण लिहिले, आणि त्याच ग्रंथात विद्वानांच्या रोगांवरही लिहिले. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस' हेही विचारावे, असा त्याचा आग्रह होता. दोन्ही प्रकरणांत मोडणारा वाचक त्याने कल्पिला होता की नाही, कोण जाणे. असो.

मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, गावी असतात. वर्षादीडवर्षातून माझे जाणे होते. एम.आर.आय.ची फिल्म त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवली आहे. २०१० सालच्या जानेवारीत सूर्यग्रहण झाले, तेव्हा वाडीतल्या पोरांनी ती सूर्य बघायला मागून नेली होती आणि एक कोपरा कापून परत आणली. (असे बघणे डोळ्यांना घातक असते, हे मी त्यांना सांगेपर्यंत ग्रहण सुटून बरेच महिने झाले होते.) मागच्या खेपेस त्यांनी ती मला पुन्हा दाखवली, खिडकीशी धरून, उलटी. मी सरळ करून दिली. त्यांचे बोट मात्र मणक्यांवर नव्हते. वरच्या कडेला यंत्राने बारीक पांढऱ्या आकड्यांत छापलेल्या तारखेवर होते. "ही चालली नसती का रं?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, नसती चालली, ती फोटो काढल्याची तारीख आहे. ते "व्हय," म्हणाले आणि फिल्म पाकिटात सरकवू लागले. पाकीट अरुंद होते, बराच वेळ लागला.